आकडा आणि कातळ
(प्रस्तावना)

पावसाळ्यात सांगलीला फोन लावला की ख्यालीखुशालीच्या आधी एकच प्रश्न तोंडातून निघतो, "आयर्विनला किती फूट?" पलीकडे उत्तर तयारच असतं. सदतीस. साडेअडतीस. रात्रीत दोन फूट चढलंय. मग दोन्हीकडे क्षणभर शांतता, आणि त्यानंतर माणसांची चौकशी.

कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ साली झाला. त्या पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची. कोल्हापूरकरांचं तेच नातं राजाराम बंधाऱ्याशी. तिथे इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ ला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. पण हे आकडे सांगलीकराला पाठ करावे लागत नाहीत. त्याच्या डोक्यात प्रत्येक फुटाला एकेक जागा बांधलेली असते. सूर्यवंशी प्लॉटात पाणी कधी शिरतं, कर्नाळ रस्ता कधी बंद होतो, धान्याची पोती माडीवर कधी न्यायची, म्हातारीला लेकीकडे कधी पोचवायचं. आकडा ऐकला की डोळ्यांपुढे गल्ली उभी राहते. गल्ली दिसली की काय करायचं ते कळतं.

नोकरीसाठी बंगळूरला आलो, तेव्हा पहिल्या पावसाळ्यात मला चुकल्यासारखं व्हायचं. भरपूर पाऊस पडायचा, झाडं पडायची, रस्ते तुंबायचे; पण 'किती फूट' असं कुणीच विचारत नव्हतं. विचारणार कुठलं? या शहराला नदीच नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठाराच्या कण्यावर ते वसलंय. अर्कावती नंदीच्या डोंगरात उगम पावते आणि शहराला बगल देऊन जाते. वृषभावती शहराच्या पोटातच जन्मते, पण तिच्यात उतरायची इच्छा कुणाला होणार नाही अशी तिची अवस्था आहे. जुन्या लोकांनी इथे तळी बांधली, एकाला एक जोडली आणि पावसाचं पाणी अडवून दिवस काढले. आजचं बंगळूर कावेरी पितं. ती तोरेकाडनहळ्ळीहून, जवळपास १०० किलोमीटरवरून, अर्धा किलोमीटर उंच चढवून आणावी लागते. पहिला टप्पा १९७४ चा, पाचवा २०२४ चा. म्हणजे इथल्या माणसाची कावेरीशी गाठ पडते ती नळाच्या तोटीखाली. २०२२ च्या सप्टेंबरात बाहेरच्या रिंग रोडलगतच्या वसाहतींतून माणसं ट्रॅक्टरने आणि होड्यांनी बाहेर काढावी लागली. नदी नसलेल्या गावात होडी चालली ती अशी.

आणि तरीही दर शुक्रवारी रात्री याच शहरातून शेकडो तरुण पोरंपोरी पाठीला पिशव्या लावून नद्यांकडे निघतात. कुणी कावेरीवर भीमेश्वरी, गालीबोरेकडे. कुणी कोडगूत बारापोळेला. कुणी काळी नदीवर दांडेली, गणेशगुडीला. कुणाला शरावतीच्या फुगवट्यावर होन्नेमरडूत शांतपणे वल्हवायचं असतं. त्यांत मराठी पोरं पुष्कळ असतात, आणि दिवाळीत घरी गेली की तीच कोलाडला कुंडलिकेत उतरतात. नदी इथून शंभर ते साडेचारशे किलोमीटरवर. काठावर राहणारा माणूस सकाळी परसातून डोकावून पाहतो आणि ठरवतो. या मंडळींना मात्र न पाहिलेल्या नदीबद्दल रात्री अकराला बसमध्ये बसण्याआधी ठरवायचं असतं. ही पुस्तिका त्यांच्यासाठी आहे. वल्हं कसं धरावं हे शिकवणारे पुष्कळ आहेत. वल्हं हातात घेण्याआधी नदीची खबर कशी काढावी, मिळालेली खबर कशी वाचावी, आणि ती वाईट असेल तर काय करावं, एवढाच हिचा विषय आहे.

*

सुरुवात आकड्यापासूनच करू, कारण हल्ली तो सहज मिळतो. धरणातून किती पाणी सोडलं ते क्युसेकमध्ये सांगतात: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर, दोन बादल्या. हजार क्युसेक म्हटलं की दर सेकंदाला २८ टन पाणी तुमच्या समोरून जातंय. साठा मोजायचा तो टीएमसीत, अब्ज घनफुटांत. दोन्हींना जोडणारा एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे: ११,५७४ क्युसेक एक अख्खा दिवस वाहिले की एक टीएमसी होतं. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडल्याची बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो आणि पान उलटतो. अलमट्टीची आवक लाखांत गेली की सांगलीला झोप लागत नाही. दोन्ही आकडे एकाच खोऱ्यातले, पण त्यांचा अर्थ नदीच्या रुंदीवर, उतारावर आणि आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतो. पाच हजार क्युसेक रुंद वाळवंटी पात्रात पोटरीएवढे असतील, आणि तेच कावेरीवरच्या मेकेदाटूच्या खडकाळ चिंचोळ्या घळीत उभ्या माणसाला चिरडतील. कन्नडमध्ये मेके म्हणजे शेळी आणि दाटु म्हणजे ओलांडणं. शेळीने उडी मारून पार करावी इतकी नदी तिथे आवळली जाते, असं नावच सांगतं. त्या घळीत आणि वरच्या अर्कावतीच्या संगमावर दरवर्षी माणसं जातात, आणि त्यांतली बरीचशी कोरड्या उन्हाच्या दिवशी जातात.

कारण कावेरी ही धरणांची नदी आहे. भीमेश्वरीचं पाणी बंगळूरच्या आभाळातून येत नाही. ते कोडगूच्या डोंगरात आणि वायनाडमध्ये पडतं. कोडगूचं पाणी कन्नंबाडीला कृष्णराजसागरात अडतं. तिथली पूर्ण पातळी १२४.८० फूट, साठा ४९ टीएमसीच्या वर. वायनाडचं पाणी कबिनीवर बीचनहळ्ळीच्या धरणात येतं. ते धरण लहान, साडेएकोणीस टीएमसीचं. लवकर भरतं आणि लवकर सोडतं. म्हणून जाणती माणसं आधी कबिनीकडे पाहतात, मग कृष्णराजसागराकडे. दोन्ही पाणी टी. नरसीपुरला एक होतं. पुढे शिवनसमुद्राचा धबधबा, मग शिंशा, मग संगमावर अर्कावती. हे सगळं एका वेळी, एका वेगाने येत नाही. मोठा विसर्ग लवकर पोचतो, लहान रमतगमत येतो. सकाळी धरणावर दारं उघडली म्हणून दुपारी तुमच्या तंबूशी पाणी येईल असं नाही, आणि धरणावर दारं मिटली म्हणून खालचं पाणी लगेच उतरेल असंही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणखी एक गोम असते. तेव्हा परतीचा आणि ईशान्येचा पाऊस याच भागात कोसळतो. शिंशा आणि अर्कावती आपापलं पाणी घेऊन येतात, आणि वरच्या धरणांच्या तक्त्यात त्याचा मागमूस नसतो.

या नदीचं एक भाग्य असं की तिच्यावरून दोन राज्यं भांडली. भांडणात हिशेब चोख लागतो. लवादाचा अंतिम निवाडा २००७ साली आला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १६ फेब्रुवारी २०१८ रोजी. वर्षाला १७७.२५ टीएमसी पाणी तामिळनाडूला द्यायचं आणि ते सीमेवरच्या बिळिगुंडलू इथे मोजायचं, असं ठरलं. बिळिगुंडलूला केंद्रीय जल आयोगाचं मापनकेंद्र आहे. भीमेश्वरी, गालीबोरे, संगम ही सगळी ठिकाणं त्याच्या वरच्या अंगाला. वकिलांसाठी मोजलेलं पाणी वल्हवणाऱ्यालाही वाचता येतं. धरणांच्या पातळ्या, आवक आणि विसर्ग रोज सकाळी कन्नड वर्तमानपत्रांत छापून येतात. येलहंक्याच्या राज्य नैसर्गिक आपत्ती निगराणी केंद्राचा तक्ता रोज निघतो. खाली होगेनक्कलला तर बिळिगुंडलूचं पाणी वाढलं की जिल्हा प्रशासन परिसल, म्हणजे गोल टोपलीसारख्या होड्या, सरळ बंद करतं. होगेनक्कलच्या होड्या बंद झाल्याची बातमी दिसली, तर वर भीमेश्वरीला जायचा बेत करणाऱ्याने दोनदा विचार करावा. पाणी त्याच्या दारावरूनच खाली गेलेलं असतं.

दारांचा विषय निघालाच आहे तर एक मराठी धागा सांगतो. खडकवासल्याला १९०३ साली एका अभियंत्याने अशी दारं बसवली की पाणी ठरावीक पातळीला आलं की ती आपोआप उघडत आणि उतरलं की मिटत. त्याने पुण्यातच अभियांत्रिकी केली होती, आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, खानदेश, पुणे अशी नोकरी केली होती. तेच मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे ते म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि दिवाण झाले, १९११ साली कृष्णराजसागराचं काम सुरू झालं, आणि तिथेही तशी दारं आली. मला त्या दारांचं कौतुक आहे आणि थोडी धास्तीही. दार पाण्याची पातळी ओळखतं. खाली वाळूच्या बेटावर कोण डबा खात बसलंय हे त्याला माहीत नसतं. २०१४ च्या ८ जूनला हिमाचलात बियास नदीच्या पात्रात फोटो काढत उभे असलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकीचे विद्यार्थी वाहून गेले. वर लारजी धरणातून पाणी सोडलं होतं. पोरं उभी होती तिथे पाऊस नव्हता.

नदीकाठी कन्नडमध्ये म्हणतात, "नीरु बिट्टिद्दारे." आपण म्हणतो, "पाणी सोडलंय." दोन्ही भाषांत सोडणाऱ्याचं नाव नाही. वाक्यात जो नसतो, खबर काढायची ती त्याचीच.

*

काळी नदीचं गणित वेगळं. सुपा धरण विजेसाठी बांधलं. जुनं सुपे गाव त्याच्या पोटात गेलं आणि तालुक्याचं नाव जोयडा झालं. दांडेली, जोयडा, हल्याळ हा पट्टा मराठी-कोकणी बोलणाऱ्यांचा, त्यामुळे तिथे खबर काढायला आपल्याला दुभाषा लागत नाही. गणेशगुडीला राफ्ट चालते ती वीजघरातून पाणी सुटलं तर. राज्याला विजेची गरज वाढली की नदी वाढते, गरज घटली की खडक उघडे पडतात. तिथे मगरी आहेत, आणि पाणी कमी असताना त्या अधिक दिसतात, हेही जाणून असावं.

कोलाडची कुंडलिका हीच गोष्ट आणखी गमतीने सांगते. मुळशीचं पाणी स्वभावाने पूर्वेला, भीमेकडे जाणारं. सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याच धरणाने ते अडवलं. तिथून ते बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला भिऱ्याला उतरतं. तिथलं टाटांचं वीजघर १९२७ पासून चालू आहे. चाकं फिरवून झालेलं पाणी कुंडलिकेत येतं, आणि त्यावर सकाळच्या राफ्टा सुटतात. मुंबईत दिवे लागतात म्हणून कोलाडला मे महिन्यातही नदी धावते. अशा नदीवर जाणाऱ्याला पावसाचा अंदाज पाहून फार काही मिळत नाही. आज पाणी सुटणार का, किती वाजता, किती वेळ, आणि ते आपल्या जागी किती वाजता पोचतं, हे चार प्रश्न विचारायचे. अशी नदी सर्वांत शिस्तीची, म्हणूनच सर्वांत फसवी. रोज ठरल्या वेळी येणारं पाणी एखाद्या दिवशी लवकर आलं, की सवयीने गाफील झालेला माणूस पात्राच्या मधोमध सापडतो.

बारापोळे याच्या अगदी उलट. दक्षिण कोडगूतून केरळाकडे उतरणारी ही नदी राफ्टवाल्यांना जून ते सप्टेंबर एवढीच मिळते. तिच्यावर वर कुणाचा हात नाही. डोंगरात ढग फुटला की काही तासांत तिचा अवतार पालटतो. तिथे कालचा आकडा आज शिळा. हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, तांबडा इशारा पाहायचा, पण तो अख्ख्या जिल्ह्याचा असतो, तुमच्या ओढ्याचा नव्हे. म्हणून रात्री घाटावर पाऊस किती पडला हे गावातल्या माणसाला विचारायचं, आणि काठावर पोचल्यावर घाई करायची नाही. पाण्याच्या कडेला एक काटकी रोवा आणि चहा घ्या. पंधरा मिनिटांत काटकीचा पाय बुडाला, पाणी गढूळ व्हायला लागलं, हिरवी पानं आणि ताज्या मोडलेल्या फांद्या वाहत आल्या, तर नदी वाढते आहे. असल्या वेळी चहा दोनदा घ्यावा आणि परत फिरावं.

साचलेल्या पाण्याची माणसाला भीती वाटत नाही, म्हणून त्याबद्दल दोन शब्द जास्त. शरावतीवरच्या लिंगनमक्की धरणाच्या फुगवट्यावर किंवा एखाद्या मोठ्या तलावावर क्युसेकचा उपयोग नाही. तिथे वाऱ्याला विचारायचं. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी लाटा उसळवतं. जाताना वारा पाठीशी असतो म्हणून आपण खूप दूर गेलेलो असतो, आणि येताना तो तोंडावर घेऊन हात गळून जातात. म्हणून शहाणा माणूस आधी वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत जातो आणि परतीला वारा पाठीवर घेतो. पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट पृष्ठभागाच्या वीतभर खाली येतात. भरलेल्या तलावात जी वाट मोकळी होती, ती मार्चमध्ये कयाकचं पोट फाडते.

*

हे सगळं आधुनिक ज्ञान आहे असं समजायचं कारण नाही. पाण्यात उतरण्याआधी विचारायचं, ही रीत जुनीच. आपले कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि मगच होड्या पाण्यात घालतात. त्या सणात भक्ती आहेच, पण आत एक सक्तीची सुट्टीही आहे: उधाणाचे दोन महिने कुणीही, कितीही गरज असली तरी, जायचं नाही. निर्णय प्रत्येकाच्या धाडसावर न सोडता पंचांगावर सोपवला, यात मोठं शहाणपण होतं. बंदरावर चढणारा धोक्याचा बावटा हे त्याच शहाणपणाचं सरकारी रूप. इकडे कर्नाटकात अंबिग, म्हणजे नावाडी, ही नदीकाठची मानाची जमात. बाराव्या शतकातल्या शरण संतांमध्ये अंबिगर चौडय्या होऊन गेला. त्याचा धंदा त्याच्या नावातच आहे. सोळाव्या शतकात दोमिंगो पाइश नावाचा पोर्तुगीज प्रवासी विजयनगरला आला. त्याने तुंगभद्रेवर टोपल्यांसारख्या गोल होड्या पाहिल्या आणि पंधरा-वीस माणसं त्यांत बसतात असं लिहून ठेवलं. ती होडी अजून तिथेच फिरते आहे. बांबूच्या कामट्या तशाच, फक्त कातड्याच्या जागी प्लास्टिक आणि डांबर आलंय. आमच्याकडे पुरात गुळाच्या काहिलीत बसून लोक पलीकडे जात. काहिलीत बसलेल्या माणसाला होगेनक्कलचं परिसल परकं वाटत नाही.

आणि आपल्याकडे सांगड होती. भोपळे किंवा दोन होड्या एकमेकींना बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. एकटा भोपळा गिरक्या घेतो, दोन बांधले की माणूस तरतो. पुढे शब्द नदीतून बाहेर आला आणि आपण कशाचीही सांगड घालू लागलो. ही पुस्तिका वाचताना मला तो शब्द पुन्हा पाण्यात नेऊन टाकावासा वाटला. त्याला कारण घडलेला एक प्रसंग आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही आठजण कावेरीवर निघालो. महिनाभर आधी पैसे भरले होते. निघण्याच्या आदल्या रात्री मी धरणांचे आकडे पाहिले. सांगलीच्या माणसाला ते किरकोळ वाटले. आम्ही लाखांत ऐकलेलं. ज्यांनी सहल ठरवली होती, त्यांनीही फोनवर सांगितलं की पाणी एकदम मस्त आहे. पहाटे पोचलो. आभाळ स्वच्छ, पलीकडच्या झाडीत मोर ओरडत होते, पाणी चहाच्या रंगाचं आणि गुळगुळीत. पोरं लाइफ जॅकेट चढवायला लागली. काठावर एक वयस्क नावाडी आपलं हरिगोल, म्हणजे तसलीच गोल होडी, पालथं घालून त्यावर बसला होता. त्याने आमच्याकडे न पाहताच सांगितलं, "इवत्तु बेड." आज नको. आमच्यातल्या एकाने कारण विचारलं. "नीरु जास्ति इदे." जास्त हा शब्द कन्नडने आणि आपण दोघांनीही वापरात ठेवलाय, त्यामुळे भाषांतर लागलं नाही. मी त्याला माझ्या फोनवरचा आकडा दाखवला. त्याने तो पाहिलाही नाही. पात्राच्या मध्याकडे हनुवटी करून म्हणाला, "आ बंडे काणिस्ता इल्ल." तो कातळ दिसत नाहीये.

मला तिथे गुळगुळीत पाणी दिसत होतं. त्याला तिथे नसलेला कातळ दिसत होता. नीट पाहिलं तेव्हा त्या जागी पाण्याला एक फुगा आल्यासारखा वाटला, आणि त्याच्या मागे पाणी उलटं, वरच्या दिशेने वळत होतं. तसल्या जागी होडी गेली की पाणी तिला परत परत आत ओढतं. कोल्हापुरी (केटी) बंधाऱ्यावरून किंवा इथल्या जुन्या अणेकट्ट्यांवरून, म्हणजे बांधांवरून, पाणी पडतं तिथेही तेच घडतं: वरून सुंदर, एकसारखी चादर, खाली घुसळण, आणि त्यातून सुटका नाही. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. आदल्या आठवड्यात ज्यांनी इथे मजेत वल्हवलं, त्यांची नदी आणि आजची नदी एक नव्हती, जरी दोन्हींचे फोटो सारखेच आले असते.

माझ्याजवळ आकडा होता, त्याच्याजवळ कातळ होता. माझा आकडा चुकीचा नव्हता, पण तो कशालाच बांधलेला नव्हता. तो एकट्या भोपळ्यासारखा गिरक्या घेत होता. आयर्विनच्या बाबतीत प्रत्येक फुटाला एक गल्ली बांधून देण्याचं काम माझ्या आधीच्या चार पिढ्यांनी केलं होतं, मला ते फुकट मिळालं. कावेरीवर मला ते कुणी केलेलं मिळणार नव्हतं. आणि नावाड्याच्याही कातळाला एक मर्यादा होती: तो बुडाला हे त्याला पहाटे काठावर कळलं. आम्हाला बंगळुरात रात्री कळलं असतं, तर एवढी माणसं एवढ्या लांब आली नसती. दोघांची सांगड घालावी, हे मी त्या दिवशी शिकलो. या पुस्तिकेचं सगळं सारही माझ्या मते तेवढंच आहे.

त्या दिवशी आम्ही उतरलो नाही. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. परत फिरायला मला किती जड गेलं ते मला आठवतं. भरलेले पैसे परत मिळणार नव्हते. दोघांनी रजा टाकली होती. एकजण म्हणत होता, इतक्या लांब आलोय तर कडेकडेने तरी जाऊ. अशा वेळी माणूस आकडा वाचत नाही, आकड्याकडून होकार मागतो. म्हणून पुस्तिकेतलं सर्वांत छोटं प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. घरी, कोरड्या कपड्यांत असतानाच कागदावर लिहून ठेवा: इतकं पाणी असेल तर जाणार नाही, आणि त्याऐवजी अमुक करू. परत फिरण्याचा बेत आधीच तयार असला की परत फिरणं हार वाटत नाही. आम्ही त्या दिवशी काठावर बसून डबे खाल्ले आणि नावाड्याने आम्हाला दुपारपर्यंत नदी वाचून दाखवली. तेवढं मी त्यानंतरच्या कुठल्याही सहलीत शिकलो नाही.

*

पुस्तिकेच्या मांडणीबद्दल थोडं. पहिल्या भागात नदीचे तीन प्रकार येतात, धरणाची, पावसाची आणि साचलेली, आणि प्रत्येकीला काय विचारायचं ते. दुसऱ्यात आकडे कुठे पाहायचे आणि कसे वाचायचे. तिसऱ्यात काठावर पोचल्यावरची पाहणी. नद्यांच्या अवघडपणाची एक ते सहा ही जागतिक प्रतवारी दिली आहे, पण तीही पाण्याबरोबर सरकते हे लक्षात ठेवून वाचावी. पाणी कमी झालं म्हणजे नदी सोपी झाली असंही नाही. गुडघाभर वेगाच्या पाण्यात उभं राहायला गेलेल्याचा पाय दगडात अडकतो, आणि तिथे पोहता येण्याचा काही उपयोग होत नाही. वन खात्याची परवानगी हाही पाहणीचाच भाग आहे. भीमेश्वरीचा परिसर कावेरी अभयारण्याचा, तिथे नदी आधी हत्तींची आणि मग आपली.

एक गोष्ट पुस्तिकेत मिळणार नाही, ती म्हणजे तुमचा कातळ. तो ज्याचा त्याने शोधायचा. शेवटी कोरी पानं सोडली आहेत ती त्यासाठीच.

मी माझा शोधला. पुढच्या जानेवारीत पुन्हा त्या जागी गेलो. पात्र अर्धं उघडं होतं, आणि मध्ये तो होता: काळा, बसक्या बैलासारखा, माणसाच्या छातीएवढा उंच, पाठीवर पाणपक्ष्यांची पांढरी शिट. नावाड्याने ओळख करून दिल्यासारखं हनुवटीने दाखवलं. तेव्हापासून मी वही ठेवली आहे. एका रकान्यात तारीख, एकात कबिनी, एकात कृष्णराजसागर, एकात बिळिगुंडलू. शेवटच्या रकान्यात आकडा नसतो. तिथे फक्त लिहितो: पाठ कोरडी, पाठ ओली, शेपटी बुडाली, गायब. मी गेलो नसेन तेव्हा नावाडी फोनवर सांगतो. चार पावसाळ्यांनंतर आता आकडा ऐकला की मला बंगळुरात बसून तो बैल दिसतो. उभा आहे, बसला आहे, की पाण्याखाली गेला आहे.

गेल्या पावसाळ्यात सांगलीहून भावाचा फोन आला. आयर्विनचं बोलणं झालं, सूर्यवंशी प्लॉटाचं झालं. मग त्याने पहिल्यांदाच विचारलं, "आणि तुमच्या कावेरीला किती?"

मी म्हणालो, "पाठ ओली आहे. अजून दोन दिवस थांबतो."

बंगळूर, नारळी पौर्णिमा